एक वार, दोन वार, तीन वार

जुन्या वस्तू विकून नफा कमवणं ही मोबाइल आल्यानंतरची युक्ती वाटते. फोटो काढला, टाकला, बोली आली, पैसे खात्यात. प्रत्यक्षात बुलढाणा जिल्ह्यात वापरलेल्या मालावर बोली लागते आहे ती इंग्रजी अमदानीपासून. पण त्यातली बहुतेक वर्षं ज्याची वस्तू विकली गेली त्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. कमावलं ते घेणाऱ्याने. विकणाऱ्याला नफा कधी होतो आणि कधी होत नाही, हे या हर्रासाच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. थोडक्यात सांगायचं तर, बोलीत तोच कमावतो ज्याला ‘देत नाही’ म्हणता येतं.

नागपूरचा राजवाडा आणि कोर्टाचा नाझर

विदर्भाच्या आठवणीतला सर्वांत कडवट लिलाव एका राजघराण्याचा आहे. १८५३च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघोजी भोसले वारले. औरस वारस नाही, हे निमित्त करून डलहौसीने १८५४मध्ये राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकायला निघाले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात रवाना झालं. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं थोरल्या राणीने बजावल्याची नोंद के या इंग्रज इतिहासकाराने केली आहे. सामान हललंच. जनावरं कवडीमोल गेली, कारण विकणाऱ्या सरकारला ती सांभाळायची नव्हती आणि ज्यांची होती त्यांना बोलायचा अधिकार उरला नव्हता. घेणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

वऱ्हाडची गोष्ट याहून साधी, पण घरोघरची. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. मागोमाग दिवाणी कोर्टं आली, कोर्टांबरोबर हुकूमनामे आले आणि हुकूमनाम्यांबरोबर नाझर आणि बेलिफ. सावकाराचं देणं थकलं की जप्ती आणि जप्तीनंतर हर्रास, हा क्रम खेड्यापाड्यांत लोकांच्या अंगवळणी पडला. घरावर लिलाव येणं म्हणजे अब्रू जाणं, ही समजूत तेव्हापासूनची.

या कारभाराचे नियम १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नीट मांडलेले आहेत आणि ते आजही वाचण्यासारखे आहेत. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावेगळा करायचा नसतो असा दागिना जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी लागणारी गुरं आणि बी-बियाणं यांनाही अभय आहे. जप्तीची खबर ढोल वाजवून द्यायची. विक्रीचं काम ज्याच्याकडे आहे त्या अधिकाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही. ज्याच्यासाठी वसुली चालली आहे त्या धनकोलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. आणि शेवटची बोली पक्की होण्याआधी देण्याची रक्कम खर्चासह समोर ठेवली तर विक्री तिथेच थांबवायची.

कायद्याला काय ठाऊक होतं हे यातून दिसतं. धनकोच बोली लावणारा झाला तर तो भाव पाडून माल लाटणार. विकणाराच आडून बोली लावू लागला तर घेणारा फसणार. आजच्या ऑनलाइन लिलावांत खोट्या खात्यांवरून स्वतःच्याच मालावर बोली चढवण्याचे प्रकार होतात आणि सगळ्या मोठ्या संकेतस्थळांनी त्याला बंदी घातली आहे. ही बंदी नवी नाही, नाझराच्या काळापासूनची आहे.

नियम इतके चोख असूनही ऋणकोच्या हाती काही लागत नसे, कारण वस्तूची वेळ आणि जागा दुसऱ्याने ठरवलेली. गावातल्या चार जणांखेरीज बोली लावायला कोणी नाही आणि त्या चौघांतले दोघे सावकाराच्या ओसरीवर बसणारे. ‘एक वार, दोन वार’ म्हणेपर्यंत भाव वाढला नाही तर ‘तीन वार’ म्हणावंच लागे.

खामगावचा धडा

ज्या बुलढाणा जिल्ह्याने लिलावाचा हा चेहरा पाहिला त्यानेच दुसराही पाहिला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसावर मँचेस्टरचे डोळे लागले. खामगाव हा कापसाचा मोठा बाजार झाला. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला. गाड्या भरभरून कापूस यायचा आणि घेणारे मुंबईपासून विलायतेपर्यंतचे.

पण घेणारे पुष्कळ असले तरी भाव उघडा नसला तर त्याचा उपयोग नाही. त्या काळी बाजारात हत्ता पद्धत चाले. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत, आणि शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडांकडे बघत राही. कोणी किती दाबलं हे त्याला कधीच कळत नसे. ही लबाडी मोडण्याच्या दिशेने देशातलं पहिलं पाऊल वऱ्हाडातच पडलं. १८८६मध्ये कारंजा इथे पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. १९६३च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्याची आणि २०१६च्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजाराची मुळं शोधत गेलं की आपण पुन्हा वऱ्हाडात येतो.

कापूस काही जुना माल नव्हे. तरी या बाजाराने जिल्ह्याला जे शिकवलं ते जुन्या मालालाही लागू पडतं. उघड्या हर्रासात भाव सगळ्यांच्या कानांवर पडतो. बोली पटली नाही तर शेतकरी माल परत गाडीत टाकू शकतो. नाझराच्या हर्रासात नेमक्या याच दोन गोष्टी नव्हत्या.

एकच गिऱ्हाईक

घरातली जुनी वस्तू बोलीशिवाय विकायचे मार्गही होतेच. बोहारीण जुनी लुगडी, पँटी, शर्ट घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचं भांडं देई. भंगारवाला किलोवर घेई. आणि चांदी-सोनं सराफाकडे मोडीत जाई. खामगाव तर चांदीचंच गाव. एखादीने आजेसासूचे तोडे नेले की सराफ आधी वजन करतो, मग टाक्याचा आणि मळाचा अंदाज घेऊन घट धरतो आणि उरलेल्या शुद्ध चांदीचा दिवसाचा भाव सांगतो. तोड्यावरची नक्षी, त्याची घडण, तो कोणत्या पद्धतीचा, याला या हिशेबात शून्य किंमत असते. सराफाचं यात चुकत नाही; त्याला ती वस्तू आटवायचीच आहे.

दुष्काळात तर हा व्यवहार उलटा फिरतो. १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत आटवायला येणाऱ्या चांदीच्या दागिन्यांचा ओघ एकाएकी वाढल्याचं सरकारी कागदांत नमूद आहे. सगळेच विकायला निघाले की घेणारा राजा होतो. बोहारीण, भंगारवाला, मोड घेणारा सराफ यांच्या व्यवहारात एक गोष्ट सारखी आहे: समोर गिऱ्हाईक एकच असतं आणि भाव तेच सांगतं. जुन्या वस्तूला खरी किंमत देणारा माणूस जगात कुठेतरी असतो, पण तो आपल्या गल्लीत नसतो. ऑनलाइन लिलावाने ही अडचण सोडवली.

मोडका लेझर पॉइंटर

१९९५च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिअर ओमिड्यार या तरुण प्रोग्रामरने ‘ऑक्शनवेब’ नावाचं पान सुरू केलं. त्यावर विकलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. वस्तू मोडकी आहे हे माहीत आहे ना, असं ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारलं. मी मोडके लेझर पॉइंटर जमवतो, असं उत्तर आलं. याच पानाची पुढे ‘ईबे’ झाली. हा किस्सा कंपनीने जाहिरातीसाठी पुष्कळ वापरला, पण त्यातलं सत्य पक्कं आहे: मोडक्या वस्तूला भाव देणारा एक माणूस गर्दीत असतो आणि गर्दी पुरेशी मोठी असली की तो सापडतो.

ईबेने बोलीची पद्धतही बदलली. घेणाऱ्याने आपली कमाल रक्कम एकदाच सांगून ठेवायची, यंत्र त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाणार. जिंकणाऱ्याला साधारणपणे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा थोडं जास्त द्यावं लागतं. या तऱ्हेच्या लिलावात आपली खरी किंमत सांगणंच शहाणपणाचं ठरतं, हे अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१मध्ये सिद्ध केलं होतं. त्यांना १९९६चं नोबेल मिळालं.

ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली टाकून बाकीच्यांना उत्तर द्यायला वेळच ठेवायचा नाही, ही चलाखी रूढ झाली. उशिरा बोली आली की मुदत वाढवणाऱ्या लिलावात हा प्रकार बराच कमी होतो, असं ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२मध्ये दाखवून दिलं. आपला हर्रास पुकारणारा हे काम तोंडानेच करत होता. ‘दोन वार’नंतर कोणी पाच रुपये चढवले की तो पुन्हा ‘एक वार’पासून सुरू करायचा.

भारतात हा प्रयोग ‘बाझी डॉट कॉम’ने केला. अवनिश बजाज आणि सुवीर सुजन यांची ही कंपनी २००४मध्ये ईबेने विकत घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोणा एका विक्रेत्याने टाकलेल्या अश्लील चित्रफितीवरून बजाज यांना अटक झाली. दुसऱ्याने टाकलेल्या मालाला संकेतस्थळ कुठवर जबाबदार, हा वाद त्यातून पेटला आणि २००८च्या दुरुस्तीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ बदललं. ईबेची भारतातली शाखा २०१७मध्ये फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट २०१८मध्ये बंद झाली. सामान्य माणसासाठीचा बोलीचा बाजार तिथेच आटोपला. उरलं ते ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. तिथे जाहिरात असते, घासाघीस असते, पण ‘तीन वार’ नसतं.

पडद्यावरचा हर्रास

घरगुती बोली मावळली, तरी ठोक मालाचा लिलाव मात्र पुरता ऑनलाइन झाला. लोखंडी भंगाराच्या निर्यातीवर नजर ठेवण्यासाठी १९६४मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आज देशभरातल्या सरकारी मालाचे ई-लिलाव चालवते. एसटीच्या मोडीत काढलेल्या गाड्याही तिच्यामार्फत विकल्या गेल्या आहेत. रेल्वेचं भंगार रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जातं. सरकारी खात्यांच्या जुन्या मालासाठी जेम पोर्टलवरही लिलावाची सोय आहे. पूर्वी अशा मालाचा हर्रास आवारात होई, आणि जिल्ह्यातले भंगार व्यापारी आदल्या दिवशी चहावर बसून कोणी कुठला लॉट घ्यायचा हे आपसांत ठरवून येत. ई-लिलावात बोली लावणाऱ्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत आणि बोली इंदूरहून, जालन्याहून, कुठूनही येऊ शकते. संगनमत पूर्ण संपत नाही, पण अवघड होतं.

पद्धत ठरलेली असते. नोंदणी करायची, अनामत भरायची, ठरलेल्या दिवशी जाऊन माल डोळ्यांनी बघायचा. विक्री ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर, म्हणजे नंतर इंजिन नाही निघालं म्हणून तक्रार चालत नाही. विकणाऱ्याने एक किमान किंमत मनात धरलेली असते आणि ती सहसा जाहीर नसते. बोली तिथवर पोचली नाही तर माल द्यायचा की नाही हे तो ठरवतो. सरकारला हा नकार परवडतो, म्हणून सरकारच्या भंगाराला आता बरा भाव येतो.

पण याच पडद्यावर दुसरा लिलावही चालतो. हप्ते थकले आणि फायनान्स कंपनीने ट्रॅक्टर ओढून नेला की तोही अशाच कुठल्यातरी यादीत येतो. आवार तारेचं, उन्हात उभा ट्रॅक्टर, बोनेटवर खडूने लिहिलेला लॉट नंबर, टायर किती झिजले याची नोंद, आणि ‘जसा आहे, जिथे आहे’. इथे विकणारी कंपनी, घेणारा व्यापारी, आणि ज्याने तो ट्रॅक्टर पाच हंगाम चालवला तो कुठेच नाही. नाझराच्या दवंडीत आणि या यादीत यंत्राचा फरक आहे, माणसाच्या जागेचा नाही. एक गोष्ट मात्र त्याने विसरू नये: विक्रीतून कर्ज आणि रीतसर खर्च वळता करून काही उरलं तर ती रक्कम त्याची असते.

नफ्याचा हिशेब

आता स्वेच्छेने विकणाऱ्याबद्दल. समजा भंगारवाल्याकडून पितळी पानदान ९०० रुपयांना घेतलं आणि ऑनलाइन १,८००ला गेलं. दुप्पट झाले असं वाटतं. पॅकिंग आणि कुरिअर २५०, संकेतस्थळाची दलाली १२ टक्के धरली तर २१६. हाती आले १,३३४, नफा ४३४. आता अशा पाच विक्रींत एक पानदान परत आलं आणि दोन्हीकडचं कुरिअर आपल्यावर पडलं, तर चार विक्रींचे १,७३६ मिळून त्यातून ५०० गेले. उरले १,२३६ आणि घरात एक पानदान. म्हणजे प्रत्येकी अडीचशेच्या आत. शोधण्यात, फोटो काढण्यात, उत्तरं देण्यात गेलेला वेळ अजून मोजलेलाच नाही. हा धंदा चालतो, पण ज्याला माल ओळखता येतो त्याचाच. सराफ जिथे वजन बघतो तिथे घडण बघणारा कमावतो.

माल ओळखणं जितकं महत्त्वाचं तितकाच त्याचा दोष सांगणं. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की घेणाऱ्याला खोट ओळखता येत नसली तर तो सगळ्याच मालाला खोटा धरून भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. पोचा पडलाय तिथलाच फोटो आधी टाका; भाव थोडा कमी येईल, पण माल परत येणं टळेल. जुनं पितळ घासून चकचकीत करू नका, संग्राहकाला त्याचा काळसरपणाच हवा असतो. आणि वेगवेगळ्या वस्तू एका लॉटमध्ये कोंबू नका, मिश्र ढिगाला भंगाराचाच भाव येतो.

काही वस्तू विकायच्या नसतात. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सिंदखेडराजाला २०२४मध्ये लखुजीराव जाधवांच्या समाधीजवळ काम चालू असताना शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. ज्या जिल्ह्याच्या मातीत असा ऐवज आहे तिथे नांगराला लागलेलं नाणं मोबाइलवर टाकण्याआधी हा कायदा माहीत हवा.

नाण्यांवरून आणखी एक. जुनं नाणं किंवा नोट लाखांना घेतो, आधी कमिशन भरा, असं सांगणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला आहे. बँक अशा व्यवहारात नसते आणि कोणाला कमिशन घ्यायचा अधिकारही देत नाही. जुना सोफा किंवा फ्रीज विकताना ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला तर तो चोराचा समजावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक फिरवा.

शेवटी, विकायला बसण्याआधी तीन गोष्टी करा. वस्तूची किमान किंमत कागदावर लिहा आणि तिच्याखाली ‘देत नाही’ म्हणा. घाईच्या आठवड्यात, लग्न किंवा पेरणी तोंडावर असताना, मोलाची वस्तू बाजारात काढू नका. तेव्हा भाव तुम्ही सांगत नाही, गरज सांगते. आणि तुमचा किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर कोणी ओढून नेला असेल, तर तो केवढ्याला विकला, किती वळते केले आणि किती उरले, याचा हिशेब कंपनीकडे लेखी मागा. तो मागणं तुमचा हक्क आहे.